घरी कळवणार कोण?

श्रीधरकाका, तुम्ही याआधी अकरा वेळा मेला होतात आणि त्यातल्या नऊ वेळा तुमच्या मनगटाला काळा टॅग मी स्वतः बांधला होता. त्यामुळे या वेळी लोक "मास्टरसाब गेले" म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? की हो, आता उठतील, पँट झटकतील आणि चहा मागतील. हसू नका. खरंच आलं.

बरकतपुऱ्यातल्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मला पाच मिनिटं दिली होती. 'निःस्वार्थ स्वयंसेवक', 'शेवटच्या श्वासापर्यंत विद्यार्थी' असलं काहीबाही मी बोलले. तुम्ही चाळीस वर्षं भूगोल शिकवलात आणि निवृत्त झाल्यावर नागरी संरक्षणात नाव घातलंत, हेही सांगितलं. लोकांना टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना. मलाही कळेना. जे सांगायचं होतं ते राहिलंच, आणि तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. फाईल उघडते, मिटते, गॅलरीत जाऊन येते, चहा घेते आणि अर्धा टाकून देते. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. गुरुवारी पुन्हा मॉक ड्रिल आहे. म्हणून लिहायला बसले आहे, आणि मराठीत, कारण तुमच्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी भांडले नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. आमच्या दिलसुखनगरच्या शाळेत मराठी नव्हतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा लाल पेन खिशातच ठेवा.

सभेनंतर तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सर ते सरकारी कामाला जायचे, तिथं नेमकं काय करायचे?" मी म्हटलं, "मरायचे." त्यांचा चेहरा बघून मग समजावून सांगावं लागलं. शहरात बॉम्ब फुटला किंवा मुसी नदीला पूर आला, तर कुठल्या खात्याने किती मिनिटांत काय करायचं याचा एक आराखडा आमच्या कार्यालयात असतो. तो नुसताच कागदावर चालतो की जमिनीवरही चालतो, हे बघायला वर्षातून एकदोनदा खोटं संकट उभं करायचं. खोटा स्फोट, खोटा पूर, खोटे जखमी. पोलीस दोरी बांधतात, बॉम्बशोधक पथक आत जाऊन येतं, त्यांनी हिरवा कंदील दाखवला की अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका. जखमींच्या मनगटाला टॅग बांधतात. लाल म्हणजे याला आधी उचला. पिवळा म्हणजे हा थोडा थांबू शकतो. हिरवा म्हणजे चालत जाईल. काळा म्हणजे हा गेला, याला राहू द्या, वेळ घालवू नका. "आणि सर काळे असायचे," मी म्हटलं. त्या बाई "अय्यो" म्हणून निघून गेल्या.

पहिल्या वर्षी तुम्हाला स्ट्रेचर उचलायला दिलं होतं, आठवतं? दहा पावलांवर तुमच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि स्ट्रेचरवरचा तगडा जखमी स्वतः उतरून तुम्हाला धरायला धावला. आमच्या कार्यालयातले साहेब वैतागले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला मेलेल्यांत टाका. योगासनांत मला शवासन तेवढंच जमतं." त्या दिवसापासून ती भूमिका तुमची झाली. अग्निशमनची पोरं तुम्हाला 'चनिपोयिन सार' म्हणायची, मेलेले सर. तुम्हाला ते भारी आवडायचं.

पण मेल्यावर तुम्ही स्वस्थ पडत नव्हता. दुपारी सगळे डबे सोडायचे तेव्हा तुम्ही वही काढायचात. रुग्णवाहिकेचं तोंड उलट्या बाजूला होतं, वळवायला चार मिनिटं गेली. दोरी ओलांडून एक बाई आली, तिला कोणी हटकलं नाही. माझ्या उशाशी उभे राहून दोन शिपाई क्रिकेट बोलत होते, स्कोअर मला शेवटपर्यंत कळला नाही. मैदानावर सत्तर माणसं राबत असायची आणि चुका मात्र सगळ्या तुम्हाला दिसायच्या, कारण तुमच्याकडे कोणाचं लक्ष नसायचं. मी त्या निमूट अहवालात घालायचे. साहेबही वाचून मान हलवायचे.

मग ती फोनची ड्रिल. स्फोटाची होती, भर दुपारची. मैदान शांत झालं होतं, लाल टॅगवाले जवळजवळ सगळे उचलून झाले होते, आणि तुमच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजून बंद झाला. थोड्या वेळाने परत. तुमच्या अंगावरून पाय टाकून माणसं जात-येत होती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी धावत आले. वरचे अधिकारी बघत होते, माझं डोकं फिरलं होतं.

"काका, तो फोन बंद करा."

डोळे मिटलेलेच ठेवून, ओठ जेमतेम हलवत तुम्ही म्हणालात, "बेटा, मी मेलोय. मेलेला माणूस फोन कसा बंद करणार?"

"मग मी करते."

"नक्को. बंद नक्को करू. उचल."

"कोणाचा आहे?"

"घरचा. तुझ्या काकूला बोलून आलो, दर दहा मिनिटाला लावत राहा म्हणून."

मी तुमच्या खिशातून फोन काढला आणि बंद केला. अहवालात लिहिलं, 'सहभागी स्वयंसेवकांचे मोबाईल बंद असावेत.' ही ओळ लगेच मंजूर झाली.

त्यानंतर मैदानाच्या कडेच्या टपरीवर जे भांडण सुरू झालं ते पाच वर्षं पुरलं. तुम्ही म्हणालात, खरंच काही झालं तर असे किती खिसे वाजतील, विचार कर. मी नियम सांगितला. स्फोटाच्या जागी बेवारस फोनला हात लावायचा नाही, दुसरा बॉम्ब त्यानेच उडवता येतो, शिवाय तो पुरावा असतो. तुम्ही म्हणालात, "हौ, एकदम बरोबर. पथकाचं बघून झाल्यावर?" मी म्हटलं, मग पोलीस ओळख पटवतात, आरोग्य खातं शवागारात नेतं, महसूल खातं यादी करतं. आणि मदत कक्ष असतो. नातेवाईक तिथे येऊन चौकशी करतात.

"नातेवाईक येतात," तुम्ही म्हणालात. "म्हणजे घरच्यांनी शोधत फिरायचं. आपण कोणी जात नाही."

मी चिडले. मी म्हटलं, जिवंतांना उचलायला माणसं पुरत नाहीत, मेलेल्यांची कसली सरबराई? तुम्ही चहाचा ग्लास ठेवलात आणि मला एक ओळ लिहून घ्यायला लावलीत. दर दहा काळ्या टॅगमागे एक माणूस. त्याने दुसरं काहीच करायचं नाही. त्यांच्याजवळ बसायचं, आणि परवानगी मिळाल्याबरोबर त्यांच्या घरी कळवायचं.

आमच्या आराखड्यात प्रत्येक ओळीला चार रकाने असतात. काय, कोण, किती वेळात, कोणाच्या हुकमाने. 'कोण' या रकान्यात खात्याचं नाव नसेल तर ती ओळ टिकत नाही. त्यात तथ्यही आहे, रिकामा रकाना म्हणजे ऐन वेळी सगळे एकमेकांची तोंडं बघणार. तुमच्या ओळीचा 'कोण' रिकामा होता. दर वर्षी मी ती मसुद्यात लिहायचे आणि वर पाठवण्याआधी काढून टाकायचे. तुम्ही विचारायचात, "बोललीस का खात्यांशी?" मी सांगायचे, बोलले काका, पोलीस म्हणतात आरोग्य, आरोग्य म्हणतं महसूल, महसूल म्हणतं पोलीस. तुम्ही मान हलवायचात.

काका, मी कोणालाच विचारलं नव्हतं. पाच वर्षांत एकदाही नाही. काय उत्तर येणार ते मला ठाऊकच आहे असं मी धरून चालले होते. शिवाय भरल्या बैठकीत ते विचारायचं म्हणजे सगळे माझ्याकडे बघणार, चहाच्या वेळेला ही बाई कुठलं मढं घेऊन बसली म्हणून. तेवढ्यासाठी. बाकी कारण काहीही नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि ती वाटायलाच हवी.

तुमच्यामुळे मी काय शिकले हेही सांगायला हवं, नाहीतर हा सगळा लेख म्हणजे माझा कबुलीजबाब होऊन बसेल. गेल्या पावसाळ्यात वरच्या तलावांचं पाणी सोडणार होते आणि मुसीकाठची वस्ती रिकामी करायची होती. गाडीवरचा भोंगा दुपारपासून ओरडत होता, 'खाली करा, खाली करा', आणि एकही माणूस हलत नव्हता. मी ओरडून घसा बसवला. तुम्ही खिशातून खडू काढलात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या खिशात खडू असायचा, त्याचं मला नेहमी हसू यायचं. एका घराच्या भिंतीवर तुम्ही गुडघ्याएवढी रेघ मारलीत. मग छातीएवढी. दारातल्या म्हातारीला मोडक्या तेलुगूत सांगितलंत, अम्मा, सहा वाजता पाणी इथं, आठ वाजता इथं. तिने दोन्ही रेघा पाहिल्या, आणि आत वळून सुनेला हाक मारली, सिलिंडर उचल म्हणून. तासाभरात सगळी गल्ली निघाली. परत येताना मी म्हटलं, हे आराखड्यात घालायला हवं. तुम्ही म्हणालात, "कोणतं खातं लिहशील? खडू खातं?" आपण दोघं चिखलात उभे राहून हसलो होतो. असा माणूस मला रोज फोन करून डोकं खायचा, याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. आता मानते. काही उपयोग नाही, तरी मानते.

आता त्या दिवसाचं.

तुम्ही सकाळी साडेअकराला कोठी भागात निघालात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, एकटेच. फूटपाथवर चालता चालता खाली बसलात आणि मग आडवे झालात. दोघा भल्या माणसांनी रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलला पोचवलं. तिथे पोचलात तेव्हा काही उरलं नव्हतं असं कागदावर आहे, वेळ बाराची. तुमचा चष्मा, घड्याळ आणि फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीवर नंबर टाकून, पिशवी कपाटात ठेवली. एकच्या सुमारास फोन वाजायला लागला. दुपारभर कपाटातून आवाज येत होता, हे तिथल्या आयाबाईंनीच मला सांगितलं. मी त्यांना काही बोलले नाही. कपाट उघडणं त्यांच्या कामात नव्हतं, आणि ज्याच्या कामात असेल असा माणूस तिथे नव्हता.

मला तुमचा रागही येतो, सांगून टाकते. पाकिटात एक कागद, त्यावर घरचा नंबर, एवढं तुम्हाला जमलं नाही? जगाच्या घरी कळवा म्हणून पाच वर्षं माझ्या मागे लागलात, आणि स्वतः मात्र कुलूप लावलेला फोन आणि बसचा पास घेऊन बाहेर पडलात. पासवर नुसतं नाव.

काकू फोन लावत होत्या. दर दहा मिनिटांनी. आणि त्या अजिबात घाबरल्या नव्हत्या. तुम्हीच त्यांना सवय लावली होती ना, माझ्या मोबाईलबंदीनंतरही आवाज तेवढा बंद ठेवून, की फोन लावायचा, तो कोणी उचलणार नाही, काळजी करायची नाही, ड्रिल चालू आहे. त्यांना वाटलं, डॉक्टरकडून परस्पर मैदानावर गेले, सांगायला विसरले. दोन वाजता त्यांनी मला फोन केला. मी बैठकीत होते. आता या गुरुवारी होणाऱ्या ड्रिलचीच बैठक. मी फोन कापला आणि तयार निरोप पाठवला, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते.' काकूंनी त्याचा अर्थ लावला की हौ, ड्रिलच आहे. आणि मग त्या इमानेइतबारे आपलं काम करत बसल्या.

साडेपाचला मी उलट फोन केला.

"काय काकू?"

"काही नाही गं. किती वेळ चालणार आहे अजून? साबुदाणा भिजवलाय, परतायला घेऊ का विचारायला लावला होता."

"काय किती वेळ चालणार?"

"तुमची ड्रिल."

मी म्हटलं, "काकू, आज ड्रिल नाही." मग त्या म्हणाल्या, "बरं, ठेवते," आणि फोन ठेवला.

काका, मला दहा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं होतं, आमच्या खात्याची ती खोडच आहे. नंबर सगळे माझ्या टेबलावर होते. नियंत्रण कक्ष, दोन पोलीस ठाणी, मग चार हॉस्पिटलांचे अपघात विभाग. चौथ्या हॉस्पिटलातला आवाज म्हणाला, हो, वयस्क, पांढरा शर्ट, बसच्या पासवर श्रीधर नाव आहे. साडेपाच तास तुम्ही तिथे होतात आणि तुम्हाला शोधायला दहा मिनिटं पुरली. मी काकूंना फोन केला. ते कसं सांगितलं ते मला लिहायचं नाही.

तुमची लेक पुण्याहून आली, तेरावं करून गेली. काकूंना बरोबर चला म्हणाली, काकू नाही म्हणाल्या. त्या दिवसांत एकदा काकूंनी माझा हात धरून विचारलं, "फार वेळ पडून नव्हते ना गं तिथं?" मी म्हटलं, "नाही काकू. फार वेळ नाही." हे माझं दुसरं खोटं. तुमच्याशी बोललेलं जुनं झालं होतं, हे मात्र पचेना.

शुक्रवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि तुमची ओळ त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा चढवून वाचली, परत वाचली. विचारलं, "कोणतं खातं?" मी म्हटलं, कोणीच घेणार नाही. ते म्हणाले, "आपण आहोत ना. आपल्या कार्यालयाचं नाव टाका, माणसं स्वयंसेवकांतून घ्या. पथकाची परवानगी मिळाल्यावर, एवढं आधी लिहा. इतक्या वर्षांत का नाही आणलंत हे?" दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. नकार मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं. निदान पाच वर्षं मी बरोबर होते असं म्हणता आलं असतं.

आणि काल दुपारी बरकतपुऱ्याला गेले. काकू मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. खात्यांना कधी विचारलंच नव्हतं, ते. साडेपाच तास. दहा मिनिटं. माझा तो दोन वाजताचा निरोप. साहेबांची दोन मिनिटं. काकू निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "साडेपाच तास मला ठाऊक आहेत. कागदावर वेळ आहे, मला वाचता येतं. तू विचारलं नव्हतंस हे त्यांना ठाऊक होतं."

"कसं?"

"मास्तर होते. गृहपाठ न केलेली पोरं जलदी जलदी बोलतात म्हणायचे."

"मग मला बोलले का नाहीत?"

"बोलायचे होते. पुढच्या वर्षी बोलतो म्हणायचे दर वर्षी." त्यांनी काड्या कागदात गुंडाळल्या. "तू एकटीच थोडी आहेस टाळणारी."

मी रडले. काकू रडल्या नाहीत, त्यांनी मला पाणी दिलं. मग विचारलं, गुरुवारी तिथं बसणार कोण? मी म्हटलं, स्वयंसेवकांची यादी काढते आहे. त्या म्हणाल्या, "माझं नाव घाल. गुडघे माझे ठीक आहेत, आणि बसायचंच तर काम आहे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "पण आधी एक दुरुस्त कर. तू मला फोन केलास तेव्हा काय म्हणालीस, आठवतं? काकू, बसल्या आहात का. मग म्हणालीस, घरात कोण आहे. मग म्हणालीस, घाबरू नका. मला तोवर सगळं कळलं होतं आणि तू सांगतच नव्हतीस. तो दिवस सगळा एकीकडे आणि ती तीन वाक्यं एकीकडे. तसं नक्को करू कोणाला. आधी त्या माणसाचं नाव घ्यायचं, पूर्ण. मग गेले म्हणायचं. मग कुठं आहेत आणि जवळ कोण आहे, ते. बाकी सगळं नंतर."

मी पर्समधून वही काढून लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, "वाचून नको दाखवू. म्हणून दाखव."

"कोणाचं नाव घेऊ?"

"त्यांचंच घे."

मी वही मिटली. काकू थांबल्या. घाई केली नाही. मग मी म्हटलं, "श्रीधर वामन कुलकर्णी गेले. हॉस्पिटलमध्ये आहेत. मी त्यांच्याजवळ बसले आहे."

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. "हौ," त्या म्हणाल्या. "असं. आता परत एकदा, थोडं हळू."